धुवून न जाणारं कुंकू

"कुंकू म्हणे! तीनदा साबण लावला गं या पदराला, जाईल तर शपथ. आमच्या गावचं कुंकू एका पाण्यात निघायचं. आणि हे बघ, माहेरी आलेल्या नणंदेसारखं बसलंय ठाण मांडून!"

मंदाबाई नूतनच्या मानेमागे इतक्या जवळ उभी होती, की कुरकुरीबरोबर मशेरीचा वासही येत होता. ती नूतनच्याच चाळीत राहायची, सुरतच्या डिंडोलीला. कुठल्याही रांगेत तिला कशाची ना कशाची तक्रार असायचीच. मागच्या मंगळवारी देवीच्या दारात तिची चप्पल गेली होती आणि पदराला डाग पडला होता. तरी आज पुन्हा ती रांगेत होती.

"मग आलीस कशाला, मावशी?"

"सगळे आले म्हणून आले. तू कसाले उनी?"

 नूतन का आली, हे मंदाबाईला चांगलंच ठाऊक होतं. आत देवीसमोर नूतनची सासू बसलेली होती. देवीच्या डाव्या हाताला, अंगावर हिरवी शाल घेऊन, नूतनचा धाकटा भाऊ बसलेला होता. आणि देवीनं ज्याला नेलं असं सगळं बमरोली सांगत होतं, तो चिंधा नूतनचा नवरा होता.

"आई पाझरली! आई पाझरली!"

रांग एकदम पुढे सरकली. कुणाचा नारळ कुणाच्या पाठीत बसला. मिलमधून पाळी संपवून थेट आलेले पुरुष, नखांत निळे-हिरवे रंग तसेच ठेवून, हात जोडू लागले. मंदाबाई शिव्या देत देतच पदर डोक्यावर घेऊ लागली.

देवी म्हणजे मूर्ती नव्हती. देवी म्हणजे चिंध्यांची थप्पी होती.

श्रीरंगशेठचं यार्ड बमरोलीच्या पुढे आहे. सुरतभरच्या मिलमधून उरलेल्या कापडाच्या कतरणी, साड्यांच्या किनारी, फसलेल्या छपाईचे तुकडे, सगळं तिथे येतं. बायका, नूतनही त्यांत, रंगानुसार निवडतात, मशीन दाबतं, वरून तार आवळतात, की झाली गासडी. चार माणसांनी उचलू म्हटलं तर चौघांच्याही कमरा जाव्यात, इतकी जड. म्हणून गासड्या फोर्कलिफ्टनं उचलायच्या आणि एकावर एक रचायच्या. एका थप्पीत पाचच्या वर गासड्या ठेवू नयेत, असं कुणीतरी कधीकाळी भिंतीवर पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं. पण त्या भिंतीला लागूनच नऊ गासड्यांची थप्पी उभी राहिली आणि अक्षरं तिच्या मागे गेली. तेव्हापासून ती सूचना कुणी मोडत नव्हतं, कारण ती कुणाला दिसतच नव्हती.

माणसांना चालायला वेगळी वाट नव्हती. जिथून फोर्कलिफ्टची गाडी जाई, तिथूनच बायका डोक्यावर गाठोडी घेऊन जात. तिथेच सावली बघून भाकरी खात. गाडी जवळ आली की पाय आखडून घेत, गाडी गेली की परत पसरत.

होळीच्या आधी याच थप्पीपाशी चिंधा गेला. तेराव्याला, तो गेला त्याच जागी, तळाच्या गासडीतून लाल पाणी पाझरलं. आणि त्या पाण्यामागोमाग, जणू वासावर यावा तसा, धुडकू भगत आला.

हा भगत आधी चलथाणच्या बाजारात मूळव्याधीचं औषध विकायचा. मूळव्याधीत त्याचं नाव खराब झालं, देवीत झालं नाही. कारण देवीचा गुण आला नाही तर रोगी आपल्यालाच दोष देतो. पिवळं सोवळं, गळ्यात चिंध्यांची माळ, आणि आवाज असा की लूमच्या खडखडाटातही ऐकू जावा.

"माझं नाव काय?" तो आता परात हातात घेऊन ओरडत होता.

"धुडकू!"

"धुडकू म्हणजे काय? फाटकं! चिंधी! आईबापाची लेकरं जगत नव्हती. मी जन्मलो तसा त्यांनी मला फडक्यात गुंडाळला, उकिरड्यावर ठेवला आणि चिंधीमातेला म्हणाले, आई, हे लेकरू नाही गं, हे तुझं धुडकं आहे! आई म्हणाली, माझं तर माझं! मरण आलं, त्यानं बघितलं, म्हणालं, हट्, हे तर फडकं! गेलं निघून!"

लोक हसले. खानदेशातल्या प्रत्येक घराला ही रीत ठाऊक. ज्या घरात मुलं टिकत नाहीत, तिथे पुढच्या मुलाचं नाव कचरा, उकर्डू, धुडकू, चिंधा असं काहीतरी ठेवायचं. मरणाला वाटावं, हा माल आपल्या कामाचा नाही.

"माझ्या आईनं नवस फेडला, म्हणून हा धुडकू साठीला आला. आणि ज्या आईनं नाही फेडला..."

इथे तो दर वेळी थांबायचा. परात खाली ठेवायचा. आणि वळून उषाबाईकडे बघायचा.

सगळी रांग उषाबाईकडे बघायची.

उषाबाई, चिंध्याची आई, थप्पीच्या अगदी पायथ्याशी मांडी घालून बसलेली असायची. दोन लेकरं पुरल्यावर तिला हा मुलगा झाला. तिनं त्याचं नाव चिंधा ठेवलं आणि गावच्या शिवेवरल्या झाडाला, ज्याला लोक चिंध्या बांधतात, नवस बोलली की पोराचं लग्न झालं की कोरं लुगडं चढवीन. मग सुरत, मग लूम, मग खोली, मग लग्न. लुगडं राहून गेलं. ही गोष्ट तिनं कधीतरी पापड लाटताना मंदाबाईला सांगितली, मंदाबाईनं आणखी दोघींना, आणि अशी फिरत फिरत ती भगताला देवीनं सांगितली.

"धाडलेली वस्तू आई परत मागते!" भगत म्हणाला. उषाबाईनं मान खाली घातली. भगतानं कापसाचा बोळा परातीत बुडवून तिच्या सुरकुतल्या कपाळावर लाल पट्टा ओढला. विधवेला कुंकू नको म्हणून कुणी काही बोललं नाही. हे कुंकू सौभाग्याचं नव्हतं, गुन्ह्याचं होतं.

नूतन रांगेतून हे पाहत होती.  पुढे जाऊन तिनं तो बोळा हिसकावला नाही, कारण डावीकडे हिरव्या शालीत निंबा बसला होता.

निंबा, तिचा भाऊ. चिंध्यानंच त्याला यार्डात लावलं, गाडी शिकवली. त्या दिवशी गाडीवर निंबा होता. त्या दिवसापासून निंबा बोलला नाही. चौकीतून माणूस आला, विचारून विचारून थकला. भगतानं सांगितलं, यानं देवीचा हात पाहिला, म्हणून आईनं याची वाचा नेली. देवीवर मंडप घालून कळस चढेल तेव्हा परत देईल. साक्षीला दुसरं कोण? बायका म्हणाल्या, आम्ही जेवत होतो; नूतननंही तेच सांगितलं. हमाल म्हणाले, आम्ही पलीकडे होतो. शेठ म्हणाले, मी तर फोनवर होतो. थप्पीनं माणूस गिळला, एवढंच सगळ्यांचं एकमत झालं.

नूतनला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

एका सकाळी ती चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आत निंबा पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढत होता. पेटी धरून मागे मागे सरकत होता. आणि प्रत्येक पावलाला तोंडानं, अगदी हळू, आवाज काढत होता.

"टूं... टूं... टूं..."

नूतनच्या हातातला कपडा तसाच राहिला. तो गाडीच्या रिव्हर्स हॉर्नचा आवाज होता. गाडी मागे येताना जो वाजतो, जो वाजला की बायका न बघताच पाय आखडून घेत. जो त्या दिवशी वाजला नव्हता, कारण त्याची वायर कापलेली होती.

त्यानंतर तिनं लक्ष ठेवलं. निंबा कधीही मागे सरकला, न्हाणीतून निघताना, दार उघडताना, की त्याच्या ओठांतून ते यायचंच. टूं, टूं. जिभेवर देवीचा ताबा असलेला माणूस घरात स्वतःचाच हॉर्न होऊन फिरत होता.

 नवरा गेला होता. आता भाऊ आत गेला तर?

पण सासू. सासू जेवत नव्हती. भिंतीशी बसून स्वतःलाच म्हणायची, "एक लुगडं. एक लुगडं नेसाडू नही शकनू मी झाडले." शेवटी नूतन हर्षदाकडे गेली.

हर्षदा चिंध्याची चुलत बहीण. मराठी शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरीही शिकवल्यासारखंच बोलायची. शुक्रवारी ती यार्डात आली ती पिशवीत एक वाटी, एक लिंबू आणि पुडीत घरी केलेलं हळदीचं कुंकू घेऊन. आरती संपली तशी ती थेट पुढे गेली.

"भगतबुवा, जरा बघू आईचं कुंकू."

"बघा की, मॅडम! आई कुणाला अडवत नाही. शिकलेल्यांनाही नाही!"

हर्षदानं वाटीत पुडीतलं कुंकू घेतलं, लिंबू पिळलं. कुंकू पिवळं झालं. लोक पुढे वाकले. "हळदीला चुना लावला की लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. खऱ्या कुंकवाची ही खूण," तिनं सांगितलं. मग परातीतलं लाल पाणी घेऊन त्यावर लिंबू पिळलं. लाल ते लालच राहिलं. "हे कुंकू नाही. हा कापडाचा कच्चा रंग आहे. तळाच्या गासडीत लाल चिंध्या आहेत, त्यावर पाणी पडतं, रंग उतरतो. एवढंच."

ती थांबली. तिला वाटलं असणार, आता गलका होईल.

 पण रांगेतला एक माणूस, कोपरापर्यंत लाल, हसला. "बाई, तुम्ही हे आम्हाला सांगता? आमचे हात बघा की. रंग हाय ते पहिल्या दिवशी वासावरूनच कळलं."

"सगळ्यांना?"

"इथं रंगात हात नाही असा कोण हाय?"

"मग नमस्कार कशाला करता?"

माणूस आपल्या हातांकडे बघत राहिला. भगतानं ती फट लगेच बुजवली. "देवी कापडाची! मग तिचं कुंकू हळदीचं असेल की मिलचं? बोला, चिंधीमातेचा..."

"विजय असो!"

सगळ्यांत मोठ्यानं तोच लाल हातांचा माणूस ओरडला.

नूतनला तेव्हा समजलं. इथे फसलेलं कुणीच नव्हतं. देवी नाही म्हटलं, तर मग चिंध्याला कुणी मारलं, हा प्रश्न येतो. त्या प्रश्नापेक्षा रंगाला हात जोडणं सोपं होतं.

हर्षदा मात्र अजून थप्पीकडेच बघत होती. तिनं नूतनचा दंड धरून तिला बाजूला नेलं. थप्पीमागून एक काळा पाइप आत शिरला होता, पाण्याच्या टाकीपासून निघालेला. टँकर सोमवारी आणि गुरुवारी यायचा. देवी मंगळवारी आणि शुक्रवारी पाझरायची.

"रंगाचं जाऊ दे," हर्षदा म्हणाली. तिचा आवाज आता शाळेतला नव्हता. "हे बघ. हे बाहेर काय आलंय?"

तळाची गासडी पुढे फुगली होती. लोक तिला आईचं पोट म्हणायचे. मूल नसलेल्या बायका तिला कान लावायच्या. आतून हुंकार येतो म्हणायच्या.

"लावलायस कधी कान?"

नूतननं लावला. आतून खरंच आवाज येत होता. किर्र... किर्र...

"ती तार आहे. गासडी आवळलेली तार. खालची गासडी भिजून भिजून मऊ झाली, वरच्या आठ तिच्यावर बसल्यात. ती पुढे सरकतेय, तार ताणतेय. तुटली की सगळं पुढे येईल. आणि पुढे कोण बसतं?"

पुढे उषाबाई बसत होती.

हर्षदा शेठकडे गेली. शेठ जालन्याहून लूमवर कामाला आलेला माणूस. आता यार्डाचा मालक, पण बोलणं अजून गोड. "मॅडम, तुमचं सगळं खरं. पण थप्पी हलवायची म्हणजे देवी हलवायची. लोक माझं डोकं फोडतील. श्रद्धेत आपण कशाला पडायचं?" इतकं बोलून त्यांनी चहा मागवला. देवी आल्यापासून चौकीचा माणूसही चहालाच येत होता.

त्या दुपारी नूतन सासूसमोर बसली. "आत्याबाई, उद्यापासून तिथे बसू नका. थप्पी पडणार आहे."

उषाबाईनं तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर काहीतरी हलकं आलं होतं.

"पडू दे ना वं. मन्हा डोकावर पडू दे. फिटी जाई."

कळसाचा दिवस उजाडला. त्या सकाळी भगत डिंडोलीच्या खोलीवर आला आणि पलंगावर बसून निंबाकडून पाठ करून घेऊ लागला. नूतन स्टोव्हपाशी होती. तिच्यासमोरच, जणू ती एखादी घागर असावी.

"कळस चढला की मी म्हणेन, बोल बाळा. तू काय म्हणायचं? 'आईनं हात बाहेर काढला. आईनं चिंध्याला आत घेतलं.' चौकीवाले ऐकायला येणारेत. एवढं बोललास की सुटलास. तूही, शेठही. म्हण बघू मनात."

निंबाचे ओठ हलले. भगत गेल्यावर नूतननं विचारलं, "म्हणणार आहेस?"

निंबानं हिरवी शाल खांद्यावर घेतली. आणि नूतनच्या मनात आलं, म्हणू दे. एक खोटं, आणि भाऊ घरी राहील. सासूचं वय झालंय. हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

यार्डात मंडप होता, बँड होता, भजी तळली जात होती. टँकरनं त्या दिवशी दोन खेपा केल्या. पाझर दणक्यात हवा होता. मात्र काम बंद नव्हतं. ट्रक भरायचा होता, म्हणून थप्पीच्या मागच्या अंगाला शेठचा भाचा कानाला फोन लावून फोर्कलिफ्ट चालवत होता. गाडीच्या आरशावर, ती नवी आली तेव्हापासून, पूजेची लाल चुनरी बांधलेली. पुढे गासडी उचलली की समोरचं दिसत नाही, म्हणून गाडी उलटीच चालवायची. आणि मागे बघायच्या आरशात दिसायची ती फक्त चुनरी.

उषाबाई पोटाखाली पदर पसरून बसली. तिच्या बाजूला पुढची जागा मिळवून मंदाबाई. "ढकलू नका गं! डाग पडला तर पडो, पण दिसू तरी द्या!"

मंडपावर कळस चढला, भगतानं परात लावली. लाल धार लागली. बँड थांबला.

"आई! तू ज्याची वाचा नेलीस, त्याची वाचा दे! बोल बाळा! काय पाहिलंस?"

निंबा उभा राहिला. तो उभा होता तिथून त्याला थप्पीची मागची बाजू दिसत होती. त्याची नजर लोकांवर नव्हती, चौकीच्या माणसावर नव्हती. थप्पीकडे उलट्या येणाऱ्या गाडीकडे तो बघत होता.

"टूं," तो म्हणाला.



"टूं! टूं! टूं!"

भगत क्षणभर गोंधळला. हे पाठ करून घेतलेलं नव्हतं. पण मूळव्याधीच्या बाजारात तयार झालेला माणूस तो. "बीजमंत्र! आईनं बीजमंत्र दिला! म्हणा सगळे!"

आणि सगळं यार्ड म्हणू लागलं. टाळ्या वाजवत, डोळे मिटून. टूं, टूं, टूं. मिलचे पुरुष, भजी तळणारा, बँडवाले. निंबा जिवाच्या आकांतानं ओरडत होता, आणि त्याची हाक लोकांच्या जयजयकारात बुडत होती, जशी चिंध्याची त्या दिवशी गाडीच्या आवाजात बुडाली.

फक्त एका माणसाला त्या मंत्राचा अर्थ ठाऊक होता. नूतननं नारळ टाकला आणि धावली. कुणाच्या पाठीवरून, कुणाच्या ताटावरून. सासूच्या दंडाला धरून तिनं ओढलं. उषाबाई जागची हलेना. "सोड माले!" मग नूतननं तिला लहान मुलासारखी काखेत हात घालून फरफटत बाहेर काढली.

मागून गाडीचा धक्का बसला. फार मोठा नव्हता. आतली तार तुटल्याचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला. आईचं पोट फुटलं. वरच्या गासड्या आधी सावकाश वाकल्या, मग एकदम आल्या.

धूळ बसली तेव्हा भगत मंडपाच्या फाटकाशी होता. तिथपर्यंत इतक्या लवकर कोण पोचलं असेल, तर तोच. थप्पीपुढची जागा, जिथे उषाबाई बसायची, तिथे दोन गासड्या एकावर एक पडल्या होत्या. आणि तिसरीच्या कडेखाली, मांडीपासून खाली, मंदाबाई होती.

"आई कोपली!" भगत फाटकातून ओरडला. "रांडमुंडीचा हात लागला! हिनं ओढून नेलं, म्हणून आईनं आसन मोडलं!"

लोकांनी नूतनकडे पाहिलं. कुणीतरी मान डोलावली. कुणीतरी "खरंय" म्हणालं. गासडीखालून लाल ओघळ आला, परातीवरून पुढे वाहत गेला. एक म्हातारी वाकली, तिनं त्यात बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं. तिचं बघून दुसरीनं लावलं.

"अगं," मंदाबाई म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता, रांगेतला, कुरकुरीचा. "कुंकू नही शे ते. मन्हं रगत शे."

म्हातारीचा हात कपाळावर तसाच राहिला.

मग कुठे माणसं हलली. हमालांनी बांबू घातले, लाल हातांच्या माणसानं खांदा लावला, गासडी उचलली. हर्षदानं ओढणी फाडून मांडीला आवळून बांधली. शेठ म्हणत होते, आधी मंडप आवरा. चौकीचा माणूस हातात चहाचा पेला घेऊन तसाच उभा होता.

हर्षदा गुडघ्यावर बसलेली, हात कोपरापर्यंत भरलेले, वर बघून ओरडली, "अजून किती जणांना देवीनं न्यायचंय? पाण्यानं गासडी मऊ होते, मऊ गासडी वजन धरत नाही, यात देव कुठे आला? एक पाइप बंद करायचा होता. चार गासड्या उतरवायच्या होत्या. माणसांची वाट गाडीपासून वेगळी करायची होती. डोळे आहेत ना? मग बघा की! तोंड आहे ना? मग बोला की!"

 सगळे आपापल्या हातांकडे बघत होते. निंबा जमिनीवर बसला होता, तोंडात शालीचा बोळा कोंबून.

उषाबाई नूतनच्या कुशीत होती. तिनं मान वर केली. कपाळावरचा लाल पट्टा घामानंही पुसला गेला नव्हता.

"नूतन," ती म्हणाली, इतक्या हळू की जवळच्यांनीच ऐकलं, "खरं सांग वं माले. मन्हं लुगडं राही गयं, म्हणीसनच गया ना तो?"

नूतननं भावाकडे पाहिलं. निंबानं तोंडातला बोळा काढला. त्यानं मान हलवली नाही, हात जोडले नाहीत. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि तिला वाटलं, तोही हेच विचारतोय.

तिनं सासूच्या कपाळावरून पदर फिरवला. रंग गेला नाही. मग ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"नाही, आत्याबाई. तुमच्या लुगड्यामुळे नाही, आणि देवीमुळे नाही. गाडी माझा भाऊ मागे घेत होता. आरशावर चुनरी होती. हॉर्न नव्हता, कारण शेठला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून त्यांनी त्याची वायर कापायला लावली. चिंधा गाडी आणि थप्पीच्या मधे अडकून ओरडत होता, निंबाला ऐकू गेलं नाही. पण आपण सगळे इथेच भाकरी खात होतो. आपल्याला ऐकू येत होतं. आपण पाय आखडून घेतले."